येऊरच्या सावलीतील गवत: नमुना उपटण्यापासून हर्बेरियमच्या पानापर्यंत

हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबून वाळवलेल्या आणि जाड कागदाच्या पानांवर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, पहिल्यांदाच गवत गोळा करून आणणाऱ्याची पिशवी उघडली, की बहुतेक वेळा तिच्यातून जमिनीपासून वीतभर वर कापलेल्या, मुळे नसलेल्या काड्यांची जुडी निघते. झाडाझुडपांच्या बाबतीत पाने, फुले आणि जमल्यास फळे असलेली एक फांदी आणली तरी काम भागते. गवताचे तसे नाही. ते वर्षायू आहे की बहुवर्षायू, ठोंब्याने वाढते की जमिनीवर सरपटत पेरापेराला मुळे धरते, हे बुंध्यापाशीच कळते आणि पुढे नाव ठरवताना तज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारतो. बुंधा जंगलात राहिला असेल, तर टेबलावर आलेला तो नमुना वाळका चाराच समजावा.

या लेखात उदाहरणादाखल मी ऑप्लिस्मेनस बर्मानी हे गवत घेतले आहे. ठाण्यात उपवन तलावाकडून येऊरला चढणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला ऐन, साग आणि कुंभ्याच्या सावलीत पावसाळ्यात त्याचे हिरवे गालिचे पसरतात. ते नाजूक असते, सरपटत वाढते, आणि त्याची पाने रुंद, भाल्याच्या पात्यासारखी व कडेला लाटेप्रमाणे किंचित मुरडलेली असतात. गवताची अरुंद पाती पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला ते गवत वाटतच नाही. अनेक विद्यार्थी त्याला कोवळा केना समजून ओलांडून जातात. फरक साधा आहे. केन्याच्या पानाचा खोडाला वेढणारा भाग बंद नळीसारखा असतो, तर या गवतात तो एका बाजूने उभा उघडा असतो आणि पान जेथे खोडापासून वळते तेथे आतल्या बाजूला केसाळ कडेची एक बारीक पातळ पट्टी दिसते. या पट्टीला जिव्हिका म्हणतात. लव्हाळ्याच्या कुळातील वनस्पतींशी गोंधळ होत असेल, तर खोड बोटांत फिरवून पाहावे: लव्हाळ्याचे खोड बहुधा तीन धारांचे लागते, गवताचे गोल किंवा किंचित चपटे.

परवानगी आधी, खुरपे नंतर

येऊरचे बहुतांश जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती काढून नेण्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ‘एक मूठ गवत तर घ्यायचे आहे’ ही सबब तेथे चालत नाही. अभयारण्य असल्यामुळे पनवेलजवळच्या कर्नाळ्यालाही परवानगीचा हाच नियम लागू आहे. खारघर किंवा पारसिकच्या टेकड्यांवर जागेनुसार मालकी बदलते. म्हणून जमीन वनखात्याची आहे की अन्य कोणाची, हे चौकशी करूनच पाऊल टाकावे. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागामार्फत, कामाचा हेतू, ठिकाण, कालावधी आणि नमुन्यांची संख्या स्पष्ट लिहून अर्ज केल्यास तो तपासणे खात्यालाही सोपे जाते. अर्ज पावसाळ्यापूर्वीच द्यावा, कारण गवताचा हंगाम कोणासाठी थांबत नाही.

ज्यांना केवळ हात बसवायचा आहे, त्यांनी जंगलापर्यंत जाऊही नये. हे गवत ठाणे आणि नवी मुंबईतील जुन्या सोसायट्यांच्या आवारात, आंब्या-जांभळाखालच्या ओलसर सावलीतही सापडते. तेथील माळी ते तण म्हणून उपटून टाकतो. त्याच्याकडून मागून घेतलेल्या चार रोपांवर दाबणे, वाळवणे आणि चिकटवणे या तिन्ही गोष्टींचा सराव होतो.

कधी जावे, काय न्यावे

जुलैत हे गवत नुसतेच पानाळ असते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तुरे येतात, आणि माझ्या मते गणपती विसर्जनानंतरचे दोन आठवडे सर्वांत चांगले, कारण तेव्हा एकाच गालिच्यात कोवळे तुरे, उमललेली फुले आणि पिकत आलेली कणिशके अशा तिन्ही अवस्था मिळतात. कणिशक म्हणजे गवताच्या तुऱ्यातील सर्वांत लहान एकक. ओळख पटवण्याचे बहुतेक सारे काम त्यावरच चालते. फार उशीर केला तर पक्व कणिशके सबंधच गळून पडतात आणि हातात नुसती दांडी उरते.

सोबत लांब पात्याचे खुरपे, छोटी कात्री, पाण्याची बाटली, जाड पॉलिथीनच्या पिशव्या, दहा पट भिंग, दोरा बांधलेल्या छोट्या चिठ्ठ्या, पेन्सिल, वही आणि शक्य असल्यास हलकी फील्ड प्रेस, म्हणजे कागदांत ठेवलेली रोपे दोन चौकटींमध्ये आवळून दाबण्याचे साधन, एवढे असावे. पेन्सिलच घ्यावी, कारण पावसात बॉलपेनची शाई पसरते. पायात गमबूट घालावेत. पालापाचोळ्यात घोणस आणि फुरसे दोन्ही असतात, आणि साचलेल्या पाण्यातून चालताना लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. येऊरमध्ये बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा सकाळी लवकर जाऊन दुपार कलण्यापूर्वी परतावे आणि एकट्याने जाऊ नये. पाड्यांवरील वारली किंवा महादेव कोळी माणूस सोबत असेल तर आणखी बरे. गवताचे स्थानिक नाव आणि ते गुरे खातात की नाही, ही माहिती त्याच्याकडूनच मिळते आणि ती चिठ्ठीवर लिहिण्याजोगी असते.

उपटताना

जागेवर पोहोचल्यावर लगेच हात घालू नये. आधी दोन-तीन मिनिटे गालिचाकडे नीट पाहावे, कारण येथे एक हमखास फसवणूक आहे. ऑप्लिस्मेनस कंपोझिटस हे याच प्रजातीतील (इंग्रजीत जीनस; तिच्यात अनेक जाती येतात) दुसरे गवत त्याच सावलीत, क्वचित त्याच गालिच्यात मिसळून वाढते. बर्मानीच्या तुऱ्यातील शाखा आखूड आणि त्यांवरील कणिशके दाट असतात. कंपोझिटसच्या शाखा लांब आणि कणिशके सुटी सुटी. भिंगातून पाहिल्यास बर्मानीची कुसळे बारीक आणि खरखरीत दिसतात, तर कंपोझिटसची गुळगुळीत असून पिकल्यावर चिकट होतात. जंगलातून बाहेर आल्यावर पँटच्या घोट्याला हिरवट कणिशकांची झालर चिकटलेली दिसली, तर कंपोझिटसच्या गालिच्यातून चालत आलो असे समजावे. ही झालर तेथेच झटकून टाकावी. नाहीतर तीच कणिशके प्रेसमध्ये दुसऱ्याच नमुन्यावर जाऊन बसतात आणि पुढे तज्ज्ञाला कोड्यात टाकतात. ऑप्लिस्मेनस या नावाचा मूळ ग्रीक शब्द ‘शस्त्रसज्ज’ अशा अर्थाचा आहे, तो या कुसळांमुळेच.

निवडलेल्या रोपाच्या भोवती खुरप्याने माती सैल करावी आणि सरपटणारे खोड शेवटच्या मुळांसकट, शक्य तितके अखंड उचलावे. ओढू नये, पेरांपाशी धरलेली बारीक मुळे ओढताना तुटतात आणि नेमका दाखवायचा तोच गुण हरवतो. मुळांची माती बाटलीतील पाण्याने धुवावी, पण बोटांनी चोळू नये. एका क्रमांकाखाली एकाच जागेवरची, एकाच दिवशीची, एकाच जातीची रोपे घ्यावीत. मूळ प्रत आणि इतर हर्बेरियमना देण्यासाठी जोडप्रती मिळून चार ते सहा पाने भरतील एवढीच रोपे पुरेशी होतात. गालिचा विरळ असेल, म्हणजे जेमतेम दहा-बारा रोपे असतील, तर एकच घ्यावे किंवा छायाचित्रावर समाधान मानावे.

प्रत्येक नमुन्याला तेथेच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. हा क्रमांक संग्राहकाचा स्वतःचा असतो आणि तो आयुष्यभर सलग चालतो. दर वर्षी किंवा दर सहलीला पुन्हा एकपासून सुरू करणाऱ्यांच्या नोंदींचा नंतर विचका होतो.

वहीतील नोंद

वाळल्यावर जे नाहीसे होते, ते सर्व वहीत उतरले पाहिजे. फुललेल्या कणिशकातून बाहेर आलेल्या परागकोशांचा आणि पिसासारख्या कुक्षींचा रंग, खोडावर व पानाच्या पाठीवर जांभळी छटा आहे की नाही, जमिनीलगतच्या सरपटत्या भागाची लांबी, उभ्या भागाची उंची, सावली किती दाट, माती कशी, उतार कोणत्या दिशेचा, शेजारी कोणती झाडे, ही नोंद रोपासमोर उभे राहूनच करावी. घरी आल्यावर आठवून लिहिलेली नोंद बहुधा गोडगोड आणि निरुपयोगी असते.

ठिकाणाच्या बाबतीत विशेष काटेकोर असावे. माझ्याच पहिल्या वर्षीच्या काही पानांवर ठिकाण म्हणून केवळ ‘येऊर, ठाणे’ असे लिहिले आहे. त्या जागी पुन्हा जायचे म्हटले तर मलाच ती सापडणार नाही. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश दशांश अंशांत, किमान चार दशांश स्थळांपर्यंत टिपावेत. चौथ्या स्थळाची अचूकता साधारण ११ मीटर असते, तर दोनच स्थळे लिहिली तर हीच चूक किलोमीटरच्या वर जाते. आकड्यांवर मात्र विसंबून राहू नये, कारण एक आकडा चुकला तर नमुना खाडीत जाऊन पडतो. सोबत शब्दांतही लिहावे: कोणत्या पाड्यापासून किती अंतर, ओढ्याच्या कोणत्या काठाला. तारखेत महिना शब्दांत लिहावा, म्हणजे ०६-०९ हा सप्टेंबर की जून असा प्रश्न येत नाही.

दाबणे

या गवताची पाने पातळ असल्याने तोडल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात कडा वळू लागतात. म्हणून जागेवरच कागदात घालावे. ते जमत नसेल तर पिशवीत थोडे पाणी शिंपडून, हवा भरून तोंड बांधावे आणि घरी पोहोचताच, हातपाय धुण्यापूर्वी म्हटले तरी चालेल, दाबायला घ्यावे.

हर्बेरियमचे पान आपल्याकडे साधारण २८ × ४२ सेंटिमीटरचे असते. त्याच मापाचा एक पुठ्ठा कापून ठेवावा आणि रोप आधी त्यावर मांडून पाहावे. पुठ्ठ्याबाहेर जाणारे काहीही पुढे पानावर बसणार नाही. बर्मानी सहसा न दुमडता मावते. जंगलाच्या कडेला वाढणारी कुसळीसारखी उंच गवते मात्र इंग्रजी व्ही, एन किंवा एम या अक्षरांच्या आकारात दुमडावी लागतात, आणि तेव्हा खोड वाकवताना पेरापाशी हलकेच चेपून मगच दुमडावे. दुमड सुटू नये म्हणून कागदाच्या पट्टीला चीर पाडून तिच्यात कोन अडकवावा. बांबू हेही गवतच, पण त्याची रीत वेगळी: कळकासारख्या बांबूच्या नव्या कोंबावरील वेष्टन गोळा केल्याशिवाय त्याचा नमुना पुरा होत नाही, कारण फुलोरा अनेक वर्षांत एकदाच येतो.

रोप रद्दीच्या दुमडलेल्या कागदात ठेवून मुळे खाली, तुरा वर असा मांडावा. तुऱ्याच्या शाखा एकमेकींवर पडू देऊ नयेत. बहुतेक पाने वरची बाजू दाखवणारी असावीत, पण एक-दोन पाने मुद्दाम उलटून पाठ दाखवावी. एका पेरावरचे पान थोडे बाजूला ओढून जिव्हिका उघडी करून ठेवावी. वाळल्यावर ती उघडायला गेल्यास मोडते. हे काम चिमट्याने आणि सावकाश करावे. कागदाच्या बाहेरील बाजूला क्रमांक लिहावा, आत चिठ्ठी तशीच राहू द्यावी. गळालेली कणिशके टाकून न देता त्याच क्रमांकाच्या कागदी लिफाफ्यात जपावीत, ओळख पटवताना चिरण्यासाठी तीच उपयोगी पडतात.

वाळवणे: आपल्या हवेतील खरी परीक्षा

पुस्तकांत दिलेले वाळवण्याचे दिवस कोरड्या प्रदेशांतले असतात. ठाण्याच्या किंवा वाशीच्या पावसाळी हवेत टीपकागद नुसता उघडा ठेवला तरी सकाळपर्यंत ओलसर होतो. दाबलेल्या नमुन्याभोवतीची ही ओलच बुरशीला आमंत्रण देते. एका वर्षी गणपतीत पाहुण्यांच्या गडबडीत मी प्रेस आवळून माळ्यावर ठेवली आणि गौरी-विसर्जनानंतर उघडली. कागदांतून कुबट वास आला. पानांवर करड्या बुरशीचे गोल डाग होते आणि तुरे बोट लावताच सुटून आले. त्या सहलीतला एकही नमुना हाती लागला नाही.

पहिले कागद १२ तासांच्या आत बदलावेत. या वेळी रोप मऊ पडलेले असते आणि हवे तसे वळते, त्यामुळे मांडणीतील चुका सुधारण्याची हीच वेळ. नंतर ते कडक होते. पुढे तीन दिवस रोज दोनदा आणि त्यानंतर रोज एकदा कागद बदलावेत. बदललेले ओले कागद वापरण्याआधी कडकडीत वाळलेले असले पाहिजेत. ऊन नसेल तर त्यांच्यावरून गरम इस्त्री फिरवावी. नमुन्यावरून मात्र फिरवू नये.

दर दोन-तीन नमुन्यांमध्ये किराणा दुकानातील खोक्यांचा नालीदार पुठ्ठा, सर्व नाल्या एकाच दिशेने येतील असा घालावा आणि प्रेस उभी करून टेबलफॅनचा वारा त्या नाल्यांतून जाईल अशी ठेवावी. हा उपाय स्वस्त आहे आणि माझ्या अनुभवात बल्बच्या पेटीइतकाच प्रभावी आहे. ज्यांना पेटी करायची आहे त्यांनी लाकडी खोक्यात खाली कमी वॅटचा तारेचा बल्ब आणि वर प्रेस अशी रचना करावी. आतील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये आणि घर सोडून बाहेर जाताना बल्ब बंद करावा, कारण वाळका कागद आणि गरम बल्ब यांची जवळीक कशी संपते हे सांगायला नको. मायक्रोवेव्हचा मोह टाळावा. त्याने पेशींची रचना आणि डीएनए दोन्ही बिघडतात. डीएनएसाठी पान हवेच असेल, तर ताजेपणीच दोन-तीन पानांचे तुकडे सिलिका जेलच्या पुडीत वेगळे ठेवावेत.

नमुना वाळला की नाही, हे ओठ किंवा गाल लावून ओळखता येते. ओलसर रोप गार लागते, वाळलेले कागदासारखेच, गार न लागणारे. मुळांकडून उचलून आडवे धरल्यावर ते वाकले नाही, तर वाळले म्हणावे.

ओळख पटवणे

वाळलेले एक कणिशक पाण्यात साबणाच्या एका थेंबासह मिनिटभर उकळले, की मऊ होते आणि सुयांनी उलगडता येते. भिंगाखाली साधारण ३ मिलिमीटरच्या त्या कणिशकात तळाशी दोन तुष, म्हणजे त्याला बाहेरून झाकणारी खवल्यासारखी आवरणे, दिसतात. खालच्या तुषावरचे कुसळ सर्वांत लांब, वरच्यावरचे बरेच आखूड. या बारकाव्यांवरूनच आधी प्रजाती आणि मग जात ठरते. मुंबई इलाख्यातील गवतांवर एथेलबर्ट ब्लॅटर आणि चार्ल्स मॅककॅन यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ आजही या कामाला लागतो, मात्र त्यातील काही नावे बदलली आहेत, हे लक्षात ठेवून चालू नाव वेगळे तपासावे. ज्याबद्दल खात्री नाही तेथे केवळ ‘ऑप्लिस्मेनस’ एवढेच लिहावे. चुकीच्या जातीपेक्षा बरोबर प्रजाती केव्हाही बरी. शंका असल्यास मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र येथील पक्क्या नमुन्यांशी तुलना करता येते. जोडप्रती पाठवायच्या असल्यास आधी विचारावे. न विचारता पाठवलेल्या गठ्ठ्याला जागा करून देणे कोणालाही जड जाते.

पानावर चढवणे आणि चिठ्ठी

पान आम्लरहित, जाड कागदाचे असावे. काचेवर पांढऱ्या डिंकाचा पातळ थर पसरून रोपाची पाठ त्यावर हलकेच टेकवावी, चिमट्याने उचलावी आणि पानावर ठेवावी. मेणकागद टाकून वर वाळूच्या लहान पिशव्या ठेवून रात्रभर दाबावे. जाड खोडाला डिंक पुरत नाही, तेथे सुती कापडाच्या बारीक पट्ट्या किंवा दोऱ्याचे टाके घालावेत. सेलोटेप कधीही लावू नये. तो काही वर्षांत पिवळा पडतो आणि निघताना रोपाची साल सोबत नेतो. सगळी रोपे पानाच्या मधोमध न चिकटवता वेगवेगळ्या पानांवर थोडी वरखाली ठेवावीत, म्हणजे गठ्ठा मध्ये फुगत नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात गळालेल्या कणिशकांचा लिफाफा आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात साधारण ७.५ × १२.५ सेंटिमीटरची चिठ्ठी येईल एवढी जागा मोकळी सोडावी.

चिठ्ठीवरचा मजकूर असा असू शकतो: कुळ पोएसी, ऑप्लिस्मेनस बर्मानी, महाराष्ट्र, ठाणे जिल्हा, येऊर, पाड्याच्या उत्तरेस ओढ्याचा पश्चिम काठ, अक्षांश-रेखांश, ऐन-सागाच्या दाट सावलीत, पालापाचोळ्याच्या ओलसर मातीवर, सरपटणारे, पेरांवर मुळे, उभा भाग २० सेंटिमीटर, कुक्षी जांभळ्या, गालिचा करून विपुल, दिनांक, संग्राहकाचे नाव आणि क्रमांक, परवानगीपत्राचा क्रमांक. कुक्षीचा रंग आणि विपुलता या दोन गोष्टी पाहणाऱ्याला त्या पानावरून अन्य कोणत्याही मार्गाने कळणार नाहीत, म्हणून त्या वगळू नयेत. शास्त्रीय नाव अर्थातच रोमन लिपीत, नामकर्त्यांच्या संक्षिप्त नावांसह लिहावे. पुढे कोणी नाव बदलले, तर जुनी चिठ्ठी काढू नये किंवा खोडू नये. नवी छोटी चिठ्ठी तारखेसह तिच्या शेजारी लावावी.

किडीसाठी पूर्वी पाने मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवत. ते विष आहे आणि घरी त्याचा प्रयोग करू नये. जुन्या संग्रहातील पाने हाताळल्यावरही हात धुवावेत. त्याऐवजी पाने पॉलिथीनमध्ये हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवावीत आणि बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर गार पानांवर दव जमून सगळी मेहनत भिजते. घरच्या फ्रीजरचे तापमान तेवढे खाली जात नसेल, तर हे काम कॉलेजच्या डीप फ्रीजरकडे सोपवावे. नंतर पाने घट्ट बंद होणाऱ्या लोखंडी कपाटात, आडवी, जातीनिहाय पाकिटांत ठेवावीत, आणि पुढच्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडला की कपाट उघडून पानांच्या कडांवर कसरीच्या आणि बुरशीच्या खुणा शोधाव्यात.